राहून गेलेला डोस

एप्रिल २०१० मध्ये दिल्लीहून एक आदेश निघाला आणि बार्शी, पुणे, मुंबई, अहमदाबाद, हैदराबादपासून पार मिझोरमच्या ऐझॉलपर्यंत नऊ ठिकाणी चालू असलेलं एक लसीकरण जागच्या जागी थांबलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा तो अभ्यास. दहा ते अठरा वर्षांच्या अविवाहित मुलींना गर्भाशयमुखाचा कॅन्सर टाळणारी एचपीव्ही लस द्यायची, निम्म्या मुलींना तीन डोस, निम्म्यांना दोन, आणि दोनावर भागतं का ते पाहायचं, एवढाच प्रश्न होता. वीस हजार मुली घ्यायचं ठरलं होतं. १७,७२९ झाल्या आणि काम बंद पडलं. ४,३४८ मुलींचे तिन्ही डोस झाले होते. ४,९७९ जणींचे सहा महिन्यांच्या अंतराने दोन झाले होते. ३,४५२ जणींना दोन डोस मिळाले, पण दोन महिन्यांच्याच अंतराने, कारण तिसरा पुढे यायचा होता. आणि ४,९५० मुलींना मिळाला फक्त एक.

संशोधकाच्या दृष्टीने हा प्रयोग पार विस्कटला. या गटांची विभागणी कुणी विचारपूर्वक केली नव्हती, ती आदेशाच्या तारखेने केली होती. पण बार्शी-पुण्याच्या मंडळींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वह्या मिटल्या नाहीत. मुली मोठ्या झाल्या, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेल्या, तिथेही त्यांचा माग ठेवला, नमुने तपासले. लस न घेतलेल्या त्याच वयाच्या बायकांशी तुलना केली. जवळजवळ दहा वर्षांनी, २०२१ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त आकडे आले. कॅन्सरला सर्वाधिक कारणीभूत असलेल्या १६ आणि १८ या प्रकारांचा चिवट संसर्ग रोखण्यात तीन डोस ९३.३ टक्के यशस्वी, दोन डोस ९३.१ टक्के, आणि एक डोस ९५.४ टक्के.

म्हणजे फरक नाहीच. राहून गेलेल्या डोसांवाचून काही अडलं नव्हतं. कोस्टारिकामधून असाच सुगावा आधी लागला होता, केनियातल्या नीट आखलेल्या चाचणीने मग तेच दाखवलं, आणि एप्रिल २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने सांगितलं की नऊ ते वीस वर्षांच्या मुलींना एक डोससुद्धा पुरे. त्यानंतर कितीतरी देशांनी आपली वेळापत्रकं बदलली. जगभरच्या मुलींची एकेक सुई वाचली त्यात बार्शीच्या मुलींचा वाटा आहे, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी कुणाला ठाऊक नाही.

बार्शी सोलापूर जिल्ह्यात. खानदेशातल्या जळगाव-धुळ्याशी तिचा काय संबंध, ते सांगतोच. त्याआधी ही एक सुई नेमकं करते काय ते पाहू, कारण ती गोष्ट याहून अजब आहे.

ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस हा ५५ नॅनोमीटर व्यासाचा विषाणू. एका मिलिमीटरच्या रेघेवर असे अठरा हजार ओळीने बसतील. माणसाकडे जनुकं वीस हजारांच्या आसपास, याच्याकडे सुमारे आठ. त्या आठांतली दोन, ई-सिक्स आणि ई-सेव्हन, आपल्या पेशीतल्या दोन राखणदारांना गाठतात. पेशीत बिघाड झाला तर तिची वाढ थांबवायची हे त्या राखणदारांचं काम. ई-सिक्स एकाला नष्ट करवतं, ई-सेव्हन दुसऱ्याला जखडून ठेवतं. विषाणूला कॅन्सर नको असतो. कॅन्सर झालेल्या पेशीतून नवे विषाणू सहसा बाहेरही पडत नाहीत. त्याला फक्त पेशीची प्रती काढण्याची यंत्रणा चालू राहायला हवी असते. बहुतेक बायकांचं शरीर त्याला वर्ष-दोन वर्षांत हुसकावून लावतं. थोड्याजणींत तो ठाण मांडतो, आणि पंधरा-वीस वर्षांनी, मुलं शाळा-कॉलेजात असण्याच्या वयात, त्या बाईच्या अंगावरून अवेळी रक्त जायला लागतं.

हा रोग संसर्गातून येतो अशी पहिली शंका सूक्ष्मदर्शकातून आली नाही, ती आली मृत्यूच्या नोंदवहीतून. १८४२ मध्ये इटलीतल्या रिगोनी-स्टर्न या डॉक्टराने वेरोना शहरातल्या १७६० ते १८३९ या ऐंशी वर्षांच्या मृत्यूंची यादी चाळली. गर्भाशयाच्या कॅन्सरने लग्न झालेल्या बायका मरत होत्या, मठातल्या जोगिणी जवळपास नाहीतच. त्या निरीक्षणाचा अर्थ लागायला एकशेचाळीस वर्षं गेली. जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३ मध्ये कॅन्सरच्या पेशींत एचपीव्हीचा सोळावा प्रकार शोधला, पुढच्या वर्षी अठरावा. २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. अठरावा प्रकार कुठे सापडला माहीत आहे? जगातल्या प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं वाढवल्या जाणाऱ्या 'हेला' पेशींतसुद्धा. त्या पेशी हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रीच्या. तंबाखूच्या शेतात राबत वाढलेली ही बाई १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या रुग्णालयात याच कॅन्सरने गेली. तिला न विचारता तिच्या पेशी घेतल्या गेल्या. 'न विचारता' हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आता लस. १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात इयान फ्रेझर आणि मूळचे चीनचे जियान झोऊ यांनी विषाणूच्या बाहेरच्या कवचाचं मुख्य प्रथिन पेशींकडून तयार करून घेतलं. त्याचं नाव एल-वन. ही प्रथिनं कुणी न जुळवता आपोआप पाच-पाचच्या झुबक्यांत गोळा झाली, असे बहात्तर झुबके एकमेकांना चिकटले आणि ३६० प्रथिनांचा हुबेहूब विषाणूसारखा गोळा उभा राहिला. आत जनुकं नाहीत. दाणा नसलेली भुईमुगाची शेंग म्हणा: बाहेरून पाहणाऱ्याला शंका येऊ नये, पण पेरली तर उगवणार नाही. म्हणून या लसीने एचपीव्ही होणं शक्यच नाही. झोऊ १९९९ मध्ये वारले. २००६ मध्ये लस बाजारात आली ती पाहायला ते नव्हते. आपल्याकडे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हावॅक' अशीच, यीस्टमध्ये वाढवलेल्या कवचांची. तिला जुलै २०२२ मध्ये परवानगी मिळाली.

मग एकाच डोसात काम का भागतं? आपल्या रक्तातल्या पहारेकरी पेशी एका गोष्टीला फार बिचकतात. तोच आकार, ठरावीक अंतरावर, पुन्हा पुन्हा मांडलेला दिसला की त्यांना वाटतं हा विषाणूच. ३६० वेळा तीच नक्षी बघितल्यावर त्या अशा काही जाग्या होतात की प्रतिपिंडं बनवणाऱ्या दीर्घायुषी पेशी हाडांच्या मगजात जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षं काम करत राहतात. एका डोसानंतर प्रतिपिंडांची पातळी तीन डोसांपेक्षा कमीच असते, पण ती दहा वर्षं जवळजवळ सपाट राहते. शिवाय हा विषाणू आत शिरतो तो त्वचेच्या बारीक खरचटण्यातून, आणि नेमकी तिथेच प्रतिपिंडं पाझरतात. थोडी असली तरी पुरतात. (एचआयव्ही असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या मुलींना मात्र जास्त डोस लागतात. आणि खासगी दवाखान्यात चौदा वर्षांपर्यंतच्या मुलीला दोन डोस सांगितले तर डॉक्टर फसवत नाहीत. इथल्या परवान्यात तसंच लिहिलेलं आहे.)

आता खानदेश.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला साक्री, शिंदखेडा, पारोळा, चाळीसगावकडच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. काही पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांकडे, काही तापीच्या खालच्या अंगाला, गुजरातेत बारडोली-सुरत पट्ट्यात. मुकादमाची उचल पावसाळ्यातच घेतलेली असते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि तिच्या मागे कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, धाकट्या भावंडांना सांभाळायला बारा-तेरा वर्षांची पोरगी. सातपुड्याच्या पायथ्याला चोपडा, यावल, रावेर, शिरपूरच्या पाड्यांवरून पावरा आणि भिल्ल कुटुंबं वीटभट्ट्यांवर, कापूस वेचायला, केळीच्या बागांत जातात. हिशेब करा. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिला डोस दिला तर सहा महिन्यांनी दुसरा येतो डिसेंबरात. डिसेंबरात ती मुलगी शाळेत नसते, गावात नसते, कित्येकदा राज्यातही नसते. परत येते तेव्हा कार्डावरची तारीख उलटून गेलेली. आणि दोन-तीन हंगाम असे गेले की तिचं लग्न होऊन जातं.

म्हणून मला वाटतं, एका डोसाचा शोध जगात सगळ्यात जास्त कुणाच्या कामाचा असेल तर असल्या टोळ्यांमागे जाणाऱ्या मुलींच्या. मुंबई-पुण्यातली मुलगी दोन डोस सहज घेईल. आईच्या मोबाइलवर आठवण येईल. खानदेशातल्या मुलीला एकदाच गाठायचं आहे, पण ते एकदा चुकवायचं नाही. आणि तिला गाठण्याच्या तारखा सरकारी कॅलेंडरात लाल शाईत नसतात, त्या गावाला ठाऊक असतात. होळीला सातपुड्यातला माणूस कुठेही असला तरी घरी येतो. होळीच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्याचे बाजार भरतात, ढोल वाजतात, पाड्यापाड्यातली माणसं उतरतात. आणि मग अखाजी. उरलेला महाराष्ट्र अक्षय्य तृतीयेला सोनं घेतो आणि आमरस खातो. खानदेशात त्या दिवसांत सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराई बसते, निंबाला झोके बांधले जातात, सगळ्या वयाच्या पोरीबाळी एका जागी असतात. आरोग्य खात्याला हवी असलेली लाभार्थींची यादी त्या झोक्याखाली आपसूक जमलेली असते.

अर्थात भोंगऱ्याच्या गर्दीत सुया टोचाव्यात असं मी म्हणत नाही. तिथे फक्त कानावर घालावं, पावरी बोलणाऱ्या माणसाने घालावं. सुई नंतर, पाड्यावर, आईच्या समोर. बोली हा इथे कळीचा मुद्दा आहे. भिंतीवरच्या पोस्टरवर 'गर्भाशयमुखाचा कर्करोग' लिहिलेलं असतं. बाई म्हणते पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, आणि त्याहून आधी म्हणते, अंगावरून पांढरं जातं. "माय, तुनी आंडेरले सुई दिधी का?" असं अहिराणीत विचारणारी आशाताई जे दोन मिनिटांत करते ते प्रमाण मराठीतलं पत्रक वर्षभरात करत नाही.

अखाजीची अडचण एकच, उन्हाची. एप्रिल-मे मध्ये भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिसाला टेकतो, आणि लस ठेवायची असते दोन ते आठ अंशांत. सगळ्यांना वाटतं उन्हाने लस बिघडेल. बिघडतेच, पण या लसीचा त्याहून मोठा वैरी बर्फ आहे. तिच्यात ॲल्युमिनियमचा क्षार असतो, कवचं त्याला चिकटून असतात. ती गोठली की तो क्षार गुठळ्या धरतो आणि लस कायमची वाया जाते. उन्हाच्या धास्तीने कडक गोठलेले आइस पॅक थेट डब्यात भरले तर नेमकं हेच होतं. म्हणून उपकेंद्रातली सिस्टर सकाळी आइस पॅक फ्रीझरमधून काढून ओट्यावर मांडून ठेवते. वर दव धरतं, पॅक घामेजतात. मग एकेक कानाजवळ नेऊन हलवते. आत पाण्याचा खळखळ आवाज आला, म्हणजे कडेचा बर्फ सुटला, की तो पॅक डब्यात जातो. आवाज नाही आला तर थांबायचं. शंका आलेल्या बाटलीची परीक्षाही अशीच हातानेच: मुद्दाम गोठवून वितळवलेली एक बाटली आणि ही बाटली, दोन्ही हलवून शेजारी ठेवायच्या. हिचा गाळ तिच्याइतक्याच लवकर खाली बसला तर हीसुद्धा गोठलेली. यंत्र लागत नाही. जगातल्या अत्याधुनिक जैवतंत्रज्ञानातून आलेल्या वस्तूची शेवटची तपासणी एक नर्सबाई कानाने आणि डोळ्याने करते, हे मला त्या ३६० प्रथिनांइतकंच थोर वाटतं.

आणि कॅन्सरची लस ही खानदेशाला काही नवी चीज नाही. जळगावच्या किंवा धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात बाळ जन्मलं की चोवीस तासांत त्याला हिपॅटायटिस-बीची लस देतात, मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी पेंटाव्हॅलंटमधून पुन्हा. ही जगातली पहिली कॅन्सरविरोधी लस, कारण हा विषाणू यकृतात मुक्काम करून तिथे कॅन्सर घडवतो. ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात त्याचा पहिला धागा बरूख ब्लमबर्ग यांना सापडला. १९७६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तैवानने १९८४ मध्ये नवजात बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली आणि तिथल्या मुलांमधलं यकृताच्या कॅन्सरचं प्रमाण त्यानंतरच्या दहा वर्षांत जवळपास निम्मं झालं. भारतात ही महागडी लस स्वस्त झाली ती १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने ती इथे बनवल्यावर. पोराच्या कार्डावर तिची खूण आहे, पण तिला कॅन्सरची लस म्हणून कुणी कधी सांगितलंच नाही. घरीच बाळंतपण होणाऱ्या पाड्यांवर मात्र त्या पहिल्या चोवीस तासांतला डोस हुकतो, आणि आईकडून बाळाला संसर्ग होण्याचा खरा धोका त्याच वेळी असतो. तिथेही प्रश्न लसीचा नाही, वेळेवर पोचण्याचा आहे.

पोचायचं कसं याचा धडा पुन्हा बार्शीकडेच आहे. १९८७ मध्ये तिथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलच्या आसऱ्याने देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. शहरात नोंदणी म्हणजे रुग्णालयांतले कागद गोळा करायचे. बार्शी, परांडा, भूम तालुक्यांतल्या खेड्यांत कागदच नव्हते. कॅन्सर झालेली बाई रुग्णालयात न जाताच मरायची. मग कार्यकर्ते गावोगाव फिरले. सरपंच, दाई, शिक्षक यांना भेटले, पारावर बसले, लक्षणं सांगितली, कुणाला असा त्रास आहे का विचारलं, आणि होकार आला त्याला तपासणीपर्यंत स्वतः आणलं. मोजायला गेलेली माणसं बोलत राहिली, एवढंच घडलं. पण काही वर्षांत त्यांच्याच नोंदवहीत दिसायला लागलं की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर येतायत. औषध नवं नव्हतं, यंत्र नवं नव्हतं.

त्या ओळखीच्या जोरावरच शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आजच्या धाराशिवमध्ये, १९९९ ते २००३ या काळात जगातला एक मोठा अभ्यास होऊ शकला. तीस ते एकोणसाठ वर्षांच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट. २००९ मध्ये निष्कर्ष आले: आयुष्यात एकदाच एचपीव्हीची तपासणी केलेल्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू, नेहमीच्याच सोयींवर ठेवलेल्या गटात ६४. मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा मेमोरियलने सुमारे दीड लाख बायकांवर आणखी स्वस्त उपाय तपासला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक बायकांना चार आठवडे शिकवून त्यांच्या हातात दिलं पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे साधा व्हिनेगरच. गर्भाशयमुखाला लावायचं, मिनिटभर थांबायचं. जागा पांढरी पडली तर पुढची तपासणी. मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. दोन्ही अभ्यासांत तुलनेच्या गटातल्या बायकांची तपासणी झाली नाही, यावर नंतर बरीच टीका झाली, आणि ती टीका रास्त होती.

इथे ते 'न विचारता' पुन्हा येतं. २०१० मध्ये तो आदेश निघाला कशामुळे? बार्शी-पुण्यात काही वावगं घडलं म्हणून नव्हे. आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत 'पाथ' या संस्थेचा एचपीव्ही लसीचा वेगळा प्रकल्प चालू होता. तिथे लस घेतलेल्या सात मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत त्यांचा लसीशी संबंध दिसला नाही; साप चावणं, बुडणं, कीटकनाशक अशी कारणं निघाली. पण त्याच चौकशीतून दुसरी गोष्ट बाहेर आली. खम्मममध्ये वसतिगृहांत राहणाऱ्या कित्येक आदिवासी मुलींच्या संमतिपत्रावर आईबापांच्या ऐवजी वॉर्डन-मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. २०१३ मध्ये संसदेच्या समितीने यावर कडक ताशेरे ओढले. त्या सह्यांची किंमत देशातल्या मुलींनी दहा-बारा वर्षं चुकवली, कारण त्यानंतर ही लस देशपातळीवर काढायची कुणाची छातीच झाली नाही. सिक्कीमसारख्या लहान राज्याने मात्र २०१८ मध्ये शाळा, पालक, डॉक्टर, पत्रकार सगळ्यांशी आधी बोलून घेतलं आणि नऊ ते तेरा वर्षांच्या ९५ टक्क्यांवर मुलींना लस दिली.

सातपुड्याच्या आश्रमशाळा चालवणाऱ्यांनी खम्ममचं प्रकरण वाचलंच पाहिजे. मुली एका छपराखाली आहेत, वॉर्डन आपला आहे, उरकून टाकू, हा मोह मोठा. पण आई तोडीवर असेल तर सही कुणाची? माझं उत्तर असं की सही थांबू शकते. होळीला आई येते. तोवर फोनवरून बोला, आल्यावर समोरासमोर सांगा, मग घ्या. एक डोस असल्यामुळे ही चार महिन्यांची वाट परवडते.

अफवांचंही तसंच. 'पोरीला मूल होणार नाही' ही अफवा पाड्यावर ऐकली की शिकलेली माणसं हसतात. त्यांनी जपानकडे पाहावं. तिथे २०१३ मध्ये दुष्परिणामांच्या बातम्यांचा गदारोळ झाला, सरकारने शिफारस मागे घेतली आणि लसीकरण सत्तर टक्क्यांवरून एक टक्क्याच्याही खाली गेलं. संबंध सिद्ध झाला नाही, तरी शिफारस परत यायला २०२२ उजाडलं. कोलंबियात २०१४ मध्ये एका गावच्या शाळकरी मुलींना एकापाठोपाठ एक चक्कर यायला लागली, मोबाइलवरून दृश्यं देशभर गेली आणि तिथलं लसीकरण कोसळलं. सुई बघून चक्कर येणं हे किशोरवयात नेहमीचं आहे. उपाय अगदी साधा: पोटात काहीतरी असावं, बसवून टोचावं, अर्धा तास जवळ बसवून ठेवावं, आणि एकीला टोचताना बाकीच्यांची रांग समोर उभी करू नये.

मूल न होण्याच्या भीतीला मात्र हसण्यावारी नेऊ नये. ऊसतोडीच्या बायकांना पिशवीवरून फसवल्याच्या गोष्टी महाराष्ट्राने ऐकल्या आहेत. बीडमध्ये पिशव्या काढल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. 'काढली नाही तर कॅन्सर होईल' हे वाक्य त्या बायकांनी ऐकलेलं होतं. तेच वाक्य थोडं बदलून लसीसाठी वापरलं तर बाई का विश्वास ठेवील? भीती दाखवून लस देऊ नये हे मी नीतीसाठी जेवढं म्हणतो तेवढंच व्यवहारासाठी. खरी माहिती पुरेशी चांगली आहे. स्कॉटलंडमध्ये बारा-तेराव्या वर्षी लस घेतलेल्या मुली मोठ्या झाल्या. २०२४ मध्ये त्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा गर्भाशयमुखाचा कॅन्सर झालेली एकही बाई सापडली नाही. एकही नाही. आणि भारतात २०२२ या एका वर्षात या कॅन्सरचे सव्वा लाखाहून जास्त नवे रुग्ण आणि सुमारे ऐंशी हजार मृत्यू. त्यातल्या कित्येक घरांना भुसावळ-जळगावहून रात्रीच्या गाडीने परळच्या टाटात जायचा आणि दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत जागा मिळते का बघायचा रस्ता पाठ आहे.

लस आईला मात्र फारशी उपयोगाची नाही. विषाणू आधीच शिरला असेल तर ती त्याला बाहेर काढत नाही. आईसाठी तपासणी आहे. तीस वर्षांवरच्या बाईने उपकेंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात ती व्हिनेगरची तपासणी करून घ्यावी, आणि लस घेतलेल्या मुलीनेही तिशीनंतर करावी, कारण लस सगळ्या प्रकारांवर चालत नाही. अखाजीला माहेरी आलेली लेक आणि तिची आई, दोघी एकाच दिवशी उपकेंद्राची पायरी चढू शकतात.

केंद्राच्या तांत्रिक सल्लागार गटाने २०२२ मध्ये ही लस राष्ट्रीय कार्यक्रमात घ्यायची शिफारस केली, २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींसाठी तिचा उल्लेख झाला. खासगीत मात्र सर्व्हावॅक आली तेव्हा एका डोसाला दोन हजारांच्या आसपास पडत होते. मजुरीच्या घरात दोन मुली असल्या की हा विषय तिथेच संपतो. तेव्हा तुमच्या घरात नऊ ते चौदा वर्षांची मुलगी असेल तर येत्या लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रात जाऊन विचारा की ही लस सध्या कोणत्या वयाला, केव्हा आणि कुठे मोफत मिळते. शेजारच्या घरातली मुलगी तोडीवर गेली असेल, तर तिचं नाव आणि तिची माणसं परत यायचा महिना आशाताईंच्या वहीत लिहून घ्यायला सांगा.